कापूर मागितला, साखर मिळाली

ह्यांच्या अंगात आई आली आहे असं जीपमधल्या सगळ्यांनी ठरवलं, तेव्हा हे मरत होते. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. हात थरथरत होते, मान एका खांद्यावर पडली होती, डोळे उघडे होते पण समोरचं काही दिसत नसावं. मध्येच घशातून आवाज काढून हे पुढे-मागे झुलत होते. माझ्या शेजारी बसलेली माझी धाकटी जाऊ सुमन, तिनं पिशवीतलं कुंकू काढून ह्यांच्या कपाळाला मळवट भरला. पुढे ड्रायव्हरजवळ बसलेल्या दिरांनी मागे वळून, चप्पल काढून हात जोडले. ड्रायव्हरनंही कॅसेट बंद केली.

"आई, काय हवं तुला? काय चुकलं आमचं?" सुमननं विचारलं.

हे बऱ्याच वेळानं, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात म्हणाले, "भूक. भूक लागली."

"आई उपाशी आहे," सुमन म्हणाली. "सकाळची ओटी कमी पडली. आई, तुला शुक्रवारी पुरणपोळीचा नैवेद्य करीन, पण आता शांत हो."

माणूस स्वतःच्या तोंडानं भूक लागली म्हणून सांगत होता, आणि आम्ही त्याला शुक्रवारच्या पुरणपोळीचा वायदा करत होतो. मीही त्यात होते. मी हात जोडून बसले होते. फरक एवढाच की बाकीच्यांना खरंच देवी दिसत होती आणि मला आत कुठंतरी ती गोळी आठवत होती. पण देवी असेल तर माझी चूक नाही आणि गोळी असेल तर सगळी माझी. म्हणून मी देवीच धरून ठेवली.

कसली गोळी ते सांगते. ह्यांना दोन वर्षांपासून साखर होती. ती आम्ही कोणाला सांगितली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही. गोदीत पस्तीस वर्षं पाठीवर नाही तरी कागदांवर ओझी वाहिलेला माणूस. आपल्याला रोग आहे हे सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. दिराकडे गेलं की हे मुकाट्यानं शिरा खात आणि घरी आल्यावर माझ्यावर चिडत. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. औषधाच्या पुडीवर डॉक्टरांनी 'जेवणाआधी' असं लिहिलं होतं, ते मला वाचता येत होतं. गोळी घेतली की जेवायलाच हवं, हे त्यांनी तोंडानंही बजावलं होतं.

नवसही माझाच. सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून बोलून गेले होते की दोघं सुखरूप सुटली तर नवरात्रात आम्ही जोडीनं निर्जळी उपास धरून एका दिवसात तीन देवींची ओटी भरू. जोडीनं म्हणताना ह्यांना विचारलं नव्हतं. नवस मी बोलायचा आणि पाय ह्यांचे वापरायचे. सून सुटली, नातू झाला. मग सकाळी बोळिंजहून जीप करून निघालो. निघण्याआधी मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि घोटभर पाणी दिलं. "औषधाला उपास आड येत नाही," असं मीच म्हणाले. त्यांनी एकदा विचारलं, "रिकाम्या पोटी चालेल ना?" मी म्हटलं, "आईच्या दारात चालल्याय, काय होणार आहे?" मग जीवदानीच्या सगळ्या पायऱ्या ते चढले आणि उतरले. खाली आल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पदरानं वारा घातला आणि जीपमध्ये बसवलं.

पुढची ओटी वसईच्या किल्ल्यातल्या वज्रेश्वरीची होती. मोठ्या रस्त्यावर गर्दी असेल म्हणून ड्रायव्हरनं सोपाऱ्याहून आतला, गासकडचा रस्ता धरला. दोन्हीकडे केळी, पानवेली, मोगऱ्याच्या वाड्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता. दुपारचे बारा वाजून गेले होते. तिथंच कुठंतरी हे आधी चिडले, भावाला कधी देत नसत अशी शिवी दिली, मग बरळायला लागले, आणि मग झुलायला.

सुमन म्हणाली, "वारं जोराचं आहे. कापूर लावायला हवा. लिंबू आहे माझ्याकडं, कापूर नाही." म्हणून आम्ही दुकान शोधायला लागलो. औषधाचं नाही, कापराचं. दोन दुकानं दिसली, दोन्ही दुपारची बंद. वाडीवाल्यांचा भाग, बारानंतर तिथं माणूस दिसत नाही. तिसरं उघडं होतं.

मला ते दुकान आजही जसंच्या तसं सांगता येईल. कौलारू, पुढे ओटा, दाराला उभ्या फळ्या. आत काळं पडलेलं लाकडी फळीचं टेबल, त्यावर काचेच्या बरण्या, वजनाचा तराजू. वरून सुंभाच्या दोऱ्या, कंदिलाच्या काचा, चाळण्या लटकलेल्या. एका कोपऱ्यात पेंडेचं पोतं, दुसऱ्यात सुक्या बोंबलांची टोपली, बियाण्यांच्या पुड्या, मेणबत्त्यांचे गठ्ठे. भिंतीवर मरियेचं चित्र आणि त्यापुढं छोटा लाल दिवा. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली माझ्याच वयाची एक बाई दारातली शेवटची फळी खाचेत बसवायचा प्रयत्न करत होती. ती बसत नव्हती. तिनं फळीला एक गुद्दा मारला आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. शिवीच असावी.

मी उतरले. "कापूर आहे का?"

"आहे. किती देऊ?" तिनं फळी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन पुडी काढली. "देवळात चाललाव काय?"

"चाललो होतो. वाटेतच आमच्या ह्यांच्या अंगात आलंय."

तिनं पुडी हातातच ठेवली. जीपकडं पाहिलं. दार उघडंच होतं. ती ओट्यावरून उतरली, जीपपाशी गेली आणि काही न विचारता ह्यांच्या मानेवर हात ठेवला. तो हात तिनं स्वतःच्या लुगड्याला पुसला, एवढा घाम होता. मग माझ्याकडं वळली.

"साखरेची गोळी घेतो काय हा?"

मी कापराच्या पुडीसाठी हात पुढं केला.

"काही रोगबीग नाही त्यांना," सुमन म्हणाली. "तुम्ही हात नका लावू हो. आईचं वारं आहे. तुमच्यात नसतं हे."

"आमच्यात काय असतंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. पण बघत माझ्याकडंच होती. "बाय, मी तुला विचारते. गोळी घेतो? आज खाल्लं काय?"

"उपास आहे," मी म्हटलं. तेवढंच. अर्धं खरं सांगून माणूस स्वतःला किती वेळ फसवू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. दीर म्हणाले, "वहिनी, कापूर घ्या आणि चला. किल्ल्यात गेलं की आई शांत होईल." ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

त्या बाईनं कापराची पुडी कमरेला खोचली, दोन्ही हातांनी जीपचं दार धरलं आणि मला म्हणाली, "ह्याच्या अंगात काय नाय आलं. ह्याच्या अंगातून जातंय."

मी इतकी वर्षं देवाधर्माची माणसं ऐकली आहेत. कीर्तनं ऐकली, प्रवचनं ऐकली. एवढ्या थोड्या शब्दांत कुणी मला जागं केलं नव्हतं. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "गोळी घेतात. सकाळी मीच दिली. रिकाम्या पोटी दिली."

सुमन माझ्याकडं बघतच राहिली. दीर म्हणाले, "दादाला साखर आहे? आणि आम्हाला बोलला नाहीत?" त्यांना त्या क्षणीही आपल्याला सांगितलं नाही याचंच वाईट वाटलं. मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.

ती बाई तोवर आत पळाली होती. त्या वयात पळणारी बाई मी क्वचितच पाहिली असेल. बरणीतली मूठभर साखर तिनं वाटीत घेतली, त्यावर चार थेंब पाणी शिंपडलं, बोटानं चेचून लगदा केला. "पाजायचं नाय," ती म्हणाली, "श्वासात जाईल. कुशीवर कर त्याला." आम्ही ह्यांना सीटवर कुशीवर केलं. दात घट्ट मिटले होते. मी अंगठ्यानं जबडा खाली ओढला आणि तिनं गालाच्या आत, हिरडीवर, बोटानं साखर चोळायला सुरुवात केली.

सुमन रडायला लागली. "वहिनी, निर्जळी उपास आहे. त्यात हे... सुक्या मासळीचे हात. आई कोपेल."

"कोपू दे," मी म्हटलं. "माझ्यावर कोपेल. नवस माझा आहे."

तेवढ्यात ह्यांनी दात आवळले. तिचं बोट आत होतं. ती ओरडली नाही. डोळे मिटून थांबली, मी जबडा सोडवला तेव्हा बोट काढलं. रक्त येत होतं. तिनं ते बोट लुगड्याच्या टोकात गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं पुन्हा चोळायला लागली. मध्येच घरातल्या आपल्या सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, साखर दुप्पट घालायला. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी त्या वेळात कुठल्याही देवीचं नाव घेतलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी फक्त त्या बाईच्या बोटाकडं बघत होते.

मग ह्यांचं थरथरणं कमी झालं. गिळलं. आणखी थोड्या वेळानं डोळे हलले आणि माझ्यावर येऊन थांबले. "कुठं आलो?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा होता.

"दुकानात," ती बाई म्हणाली. "काय घेणार?"

हे हसले. खरंच हसले. मग बसते झाल्यावर चहा घेतला, दोन केळी आणि पाव खाल्ला, आणि कपाळावर हात फिरवून बोटांना लागलेलं कुंकू बघत राहिले. तिथून आम्ही सोपाऱ्याला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि माझ्यावर जे ओरडायचं ते ओरडले. साखर तोंडात कुणी घातली विचारलं. मी सांगितलं, एका दुकानदार बाईनं. ते म्हणाले, तिनं घातली नसती तर तुम्ही इथं येण्यात अर्थ नव्हता.

असे अनुभव लिहिणारे इथं थांबतात, देवाचे आभार मानतात आणि सगळं गोड होतं. माझं तसं झालं नाही. घरी येईस्तोवर सुमननं गोष्ट तयार केली होती. दादांच्या अंगात आई आली, आईनं भूक लागली म्हणून सांगितलं, मग साखरेचा प्रसाद घेऊन ती शांत झाली. त्यात दुकान नव्हतं, बाई नव्हती, रक्त नव्हतं. ती मुद्दाम खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. तिला तसंच दिसलं होतं, आणि आपल्या माणसाला रोग आहे यापेक्षा त्याच्यात देवी आहे हे कुणालाही बरं वाटेल. सोसायटीत बातमी पसरली. पुढच्या मंगळवारी दोन बायका नारळ घेऊन ह्यांना विचारायला आल्या. एकीच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. मी दारातच सांगितलं की साखर उतरली होती, दुसरं काही नव्हतं. त्या माझ्याकडं अशा बघू लागल्या, जणू मी नवऱ्याचा मान सहन न होणारी बाई आहे.

आणि हे? ह्यांनी त्यांना आत बोलावलं. पाटावर बसले. आयुष्यभर साहेबांचं ऐकलेला, घरी माझं ऐकलेला माणूस. पहिल्यांदाच कुणी त्यांचं ऐकायला आलं होतं. मी समोर आले तर म्हणत, "तुला काय कळतं? तू बघितलंस, मी अनुभवलं." दीड-दोन वर्षं हे चाललं. मंगळवारी मी स्वयंपाकघराचं दार लावून बसे. पण एक केलं. पाटावर बसण्याआधी ताटावर बसवत असे. गोळी, मग लगेच पोळी-भाजी, आणि मग देवी. उपाशी देवी मी पुन्हा घरात येऊ दिली नाही.

घटनेनंतर आठ दिवसांनी मी एकटी रिक्षा करून गासला गेले होते. त्या बाईसाठी लुगडं आणि नारळ नेला होता. दुपार होती आणि दुकान बंद होतं. फळ्या सगळ्या बसवलेल्या. मी शेजारून हाक मारली. ती मागच्या दारानं आली. बोटाला चिंधी होती. नाव विचारलं, तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी उघडं होतं." ती म्हणाली, "बारा ते चार बंदच असतंय. त्या दिवशी फळी फुगली होती, बसेना. तू आलीस तेव्हा मी तिलाच शिव्या घालत होते." लुगडं तिनं घेतलं नाही, नारळ घेतला. मग ओट्यावर बसून तिनं मला सांगितलं की हे सगळं तिला कसं ठाऊक.

तिच्या नवऱ्याला साखर होती. गुड फ्रायडेचा दिवस. त्यानं सकाळी गोळी घेतली आणि कडक उपास धरला. दुपारी, त्याच दुकानात, त्याच टेबलामागं बसलेला असताना त्याला दरदरून घाम फुटला आणि तो पुटपुटायला लागला. "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूला बागेत घाम आला होता ना, रक्तासारखा," ती म्हणाली. "मला वाटलं ह्याला तसाच येतोय. तेही प्रभू क्रुसावर गेला त्या दिवशी, त्या वेळेला. मीच सगळ्यांना बोलावलं, म्हटलं बघा, ह्याच्यावर केवढी कृपा. दीर, जावा, पोरं, आम्ही सगळी गुडघ्यावर बसलो आणि रोझरी म्हटली. त्याला हलवायचं नाय म्हणून त्याच्या तोंडावरची माशीसुद्धा मी वारली नाय. रोझरी संपली तेव्हा तो थंड होता."

हे तिनं तांदळातले खडे निवडत सांगितलं. रडली नाही. मीही रडले नाही. मग म्हणाली, "तुमची देवी, आमचा प्रभू. त्यांना दोष देऊन काय करू? साखर तर माझ्या हाताशीच होती. बरणीत."

मी खूप वर्षं यावर विचार केला. तिथं कोण आलं होतं, कुणी फळी फुगवली, कुणी आम्हाला कापूर विसरायला लावला, मला माहीत नाही. ह्यांच्या तोंडून 'भूक लागली' हे शब्द आले, ते ह्यांचे की आणखी कुणाचे, तेही मी आता ठरवत नाही. देवीला बोलायचंच असतं तर तिनं वेगळं काय सांगितलं असतं? पूर्वी मला वाटायचं, देवाला शरण जाणं म्हणजे जास्त पायऱ्या चढायच्या, जास्त वेळ उपाशी राहायचं, दुसऱ्यालाही ठेवायचं. तो नवस म्हणजे मी देवीला घातलेली अट होती. शरण मी गेले असेन तर त्या जीपच्या दारात, 'मीच दिली' म्हणाले तेव्हा. त्याआधी माझ्या जोडलेल्या हातांत शरण जाण्यासारखं काही नव्हतं, भीती होती.

राहिलेल्या दोन ओट्या मी नंतर एकटीनं, जेवून, भरल्या. देवी कोपली नाही. सुमन अजून म्हणते की तिनं बोलून घेतलेल्या पुरणपोळीमुळं दादा वाचले. म्हणू दे. ह्यांनाही आता त्या दिवसाचं नीट आठवत नाही, ते मान हलवतात. मी रोज सकाळी दिवा लावते तेव्हा माझ्या देवीच्या नावाआधी त्या बाईचं नाव घेते. तिच्या धर्मात ते चालतं की नाही, मी विचारलं नाही.

रोग एकच, गोळी एकच, उपास दोघांचाही देवासाठीच, आणि जागासुद्धा तीच. तिचा नवरा तिथं मेला. माझा तिथं जगला.